ओठावरची काळी रेघ

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात महिनोन् महिने उशाशी बसून होतो, घरदार झोपलेलं असे, ती जागी असे, आणि दोन-तीनदा तोंड उघडलंसुद्धा — पण निघालं काय, तर "पाणी देऊ का?" एवढंच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर नाही आहात. समोर असता तर पुन्हा गप्प बसलो असतो. माझं तसंच आहे.

माझी शाळा चौथीत सुटली. तेव्हा लिहिताना मागेपुढे होईल. पण फिरून फिरून मला एका धोट्यापाशीच यायचं आहे. धोटा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात?

कापडाच्या गिरणीत ज्या यंत्रावर कापड विणतात, त्याला आम्ही साचा म्हणायचो. साच्यावर उभं सूत ताणलेलं असतं, आणि त्यातून आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. लाकडी, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवायची. आणि एका अंगाला बारीक भोक असतं, त्याला डोळा म्हणतात. कांडी बसवली की धोट्याच्या त्या डोळ्याला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत झटक्यात बाहेर येतं. कांडी संपली की नवी कांडी, पुन्हा ओठ. दिवसभर. सुताचा भुगा पोटात जातो, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण एका साच्यावर दोन पाळ्यांची दोन माणसं, आणि धोटे तेच. म्हणजे एकाच्या तोंडचं दुसऱ्याच्या तोंडी.

आता कळलं ना, साचेखात्यात एका जातीच्या माणसांना का घेत नसत? सूतखात्यात चालत, कचराखात्यात चालत, गठ्ठे वाहायला चालत. साच्यावर नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

गाव वर्धा जिल्ह्यातलं. नाव घेत नाही, गिरणीचंही नाही. मी मूळचा तिथला नव्हे. मी कोकणातला, राजापूरच्या बाजूचा. वडील गेले, शाळा सुटली, आणि आमच्या वाडीतले तात्या मुंबईच्या गिरणीत जॉबर होते, त्यांना इकडच्या मालकांनी नवीन पोरांना साचे शिकवायला बोलावून घेतलं. तात्यांनी मला बरोबर आणलं. जॉबर म्हणजे खात्यातला राजाच — तो म्हणेल त्याला काम, तो म्हणेल तो घरी. तात्यांच्या बायकोला मी काकी म्हणत असे. त्यांच्याच खोलीत जेवायचो, त्यांच्याच ओट्यावर झोपायचो. माझ्या अंगावरचा सदरा तात्यांचा असे, काकीने बाह्या आखूड करून दिलेला. मी बसलो की काकी भाताचं भांडं माझ्याकडे सरकवून ठेवी, म्हणजे मागायला लाजायला नको. ह्या उपकारांपायी मी पुढे काय केलं ते सांगतोच आहे. पण उपकार खरे होते. त्यांना दोष लावायचा नाही, हे इथेच लिहून ठेवतो.

फक्त एक — ताटावर बसलो की मला रोज भीती वाटायची. उद्या हे ताट असेल ना? घर इतकं लांब, की आईचं पत्र यायचं ते शिळ्या बातमीचं. तात्यांनी उद्या "जा" म्हटलं तर मी कुठे जाणार होतो?

पोरं मला कोकण्या म्हणत. माझ्या 'मला-तुला'ची नक्कल करत. त्यांचा म्होरक्या वसंता. अल्लीपूरचा, घरची शेती, धिप्पाड, दिसायला देखणा आणि बोलायला असा की हसून हसून पोट दुखावं. त्याने मला कधी हात लावला नाही. उलट संक्रांतीला घरून तीळ-गूळ आणला की पहिला मला देई. वसंता हसला की सगळे हसत, आणि कुणाकडे बघून हसायचं ते वसंता ठरवी. मी इतकंच बघायचो — आज तो माझ्याकडे बघून तर हसत नाही ना?

त्या दिवाळीनंतर सुखदेव आला.

आदल्या वर्षी दसऱ्याला नागपूरला त्यांच्या लोकांनी दीक्षा घेतली होती. सुखदेवही म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेतल्यासारखा रेल्वेत कोंबून जाऊन आला होता, हे तो स्वतःच हसत सांगे. सूतखात्यात तो चार-पाच वर्षं होता, हात चलाख, सातवी पास. नवीन आलेल्या साहेबाने त्याला साच्यावर घातलं. कायदा झालेला होता, त्यामुळे "नाही" कुणाला म्हणता येईना. खात्यात त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. दुसऱ्या पाळीचा माणूस आपले धोटे पेटीत घालून कुलूप लावू लागला, एवढंच झालं. सुखदेवचे चार धोटे, दर साच्याला दोन, त्याचे एकट्याचे झाले.

त्याचे साचे आणि माझे साचे एकाच गल्लीत. माझी पाठ त्याच्या पाठीला. जागा तात्यांनी ठरवली. मला वाटतं, माझ्याशिवाय दुसरा कुणी ऐकून घेणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत वसंता सगळ्यांसमोर त्याच्यापुढे आला. हातात सायकलच्या आऱ्याची वाकवून केलेली तार. टोकाला बारीक आकडा. धोट्याच्या डोळ्यातून सूत ओढायला.

"घे सुखदेवा, तुह्या लग्नाचा आहेर," वसंता म्हणाला. "तोंडाले तरास नाई."

सगळे हसले. मीही.

सुखदेवने तार घेतली, उजेडात धरून नीट बघितली, आणि त्या तारेनेच कान कोरला. "कान कोराले बरी हाये," तो म्हणाला. "घरचे देव नदीत सोडून आलो वसंतराव, आता ह्या तारेले भेऊ काय?" आणि तार परत वसंताच्या खिशात खोचली.

आता जो हशा झाला तो वसंतावर होता. वसंता सगळ्यांत मोठ्याने हसला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. आणि हसता हसता त्याने एकदा फक्त माझ्याकडे बघितलं — मी हसतोय का ते. मी हसत होतो. तोंड मिटायला मला वेळ लागला.

तुम्ही म्हणाल, तारेने काय बिघडलं असतं? तारेला वेळ लागतो. डोळ्याच्या काठाला ओरखडा पडतो, सूत तुटतं, कापडात खोट येते. चार आठवडे तारेने काम केलं असतं, तर "यांना साचा जमत नाही" असं म्हणून त्याला सूतखात्यात परत धाडता आलं असतं. सुखदेवला ते कळत होतं. तो जोरात ओठ लावून सूत ओढायचा. सगळ्यांना दिसेल असा.

साचेखात्यात आवाज एवढा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. आम्ही ओठांवरून बोलणं ओळखायचो. चार साच्यांपलीकडचा माणूस काय म्हणाला, ते ओठ बघून कळे. सुखदेव बोलका. दिवसभर माझ्याशी ओठांनी काहीबाही बोले — बापाचा दमा, बहिणीचं बाळंतपण, सायबाच्या टोपीची गंमत. मी उत्तर द्यायचो, पण मान खाली घालून. माझे ओठ पलीकडच्यांना दिसू नयेत म्हणून.

मग मला हिवताप आला. दुपारी, साच्यावर उभा असतानाच. दात वाजायला लागले. मी कायम नव्हतो, बदलीवर होतो. साचे बंद पडले तर उद्या दुसरा उभा राहील, हे ठरलेलं. मी साच्याला धरून उभा राहायला बघत होतो. सुखदेव वळला, माझ्याकडे बघितलं, आणि ओठांनी म्हणाला, "तू तिकडं गठ्ठ्यामागं पड. मी पाह्यतो तुह्ये साचे."

चार साचे त्याने एकट्याने चालवले. पाळी संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही दुपारून. माझ्या धोट्यांना त्याचे ओठ. मी गठ्ठ्यामागे घोंगडीत कुडकुडत ते बघत होतो. कापडात एक खोट नव्हती.

बरा होऊन साच्यावर आलो, पहिली कांडी बसवली, धोटा तोंडापाशी नेला — आणि तो सदऱ्याला पुसला. असा, चटकन. मग ओठ लावले. मागे वळून बघितलं, तर सुखदेवची पाठ होती. त्याने बघितलं असेल का? मला ठाऊक नाही. पुढच्या वेळी पुसला नाही, हे सांगितलं तर चांगुलपणा सांगितल्यासारखं होईल. पुसला नाही, कारण कुणी बघेल अशी भीती वाटली — पुसताना बघेल, आणि विचारेल, का पुसतोस?

कुणीतरी आधीच बघितलं होतं.

नळावर हात धुताना वसंता शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ हात धूत होता. मग म्हणाला, "काऊन बे कोकण्या, उष्टं गोड लागते काय?"

माझ्या हातातला साबण पडला. त्यानेच उचलून दिला.

"काकूच्या घरी जेवतं तू. तिले ठाव हाये काय?" मग हसला, माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला. "भेतं काऊन? मी नाई सांगत. मी काय चुगलखोर हाये? तू आपला माणूस. फक्त एक काम करजो. लहानसं हाये."

काय काम, ते त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नुसता दिसला की हसायचा. आठवडा गेला, जास्तच गेला असेल. काकी भात वाढताना "पोट बरं नाही का रे?" म्हणून विचारू लागली. मी "बरं आहे" म्हणायचो. ह्या दिवसांत मला काय वाटत होतं सांगू? वाटायचं, एकदाचं काय ते काम सांग बाबा. मी करतो. इतका मी तयार झालो होतो, काम ठाऊक नसताना.

इथे मला बिब्ब्याचं सांगितलं पाहिजे. कारण सुटायची एक वाट आहे, ती बंद करून पुढे जायचं आहे. बिब्बा विदर्भात घरोघर. काळं फळ, सुईला टोचून दिव्यावर धरलं की काळं तेल सुटतं. टाचेच्या भेगेत, काटा मोडलेल्या जागी त्याचा चटका देतात. पण चांगल्या कातडीला लागलं तर कातडी उतते. लगेच नाही. लावताना काहीच कळत नाही. रात्रीतून कळतं. मी कोकणातला, मला बिब्बा काय ठाऊक? असं म्हणता येईल. पण पावसाळ्यात माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, आणि काकीने शेजारणीचं ऐकून बिब्बा लावला होता. एक थेंब घोट्यावर ओघळला. सकाळी घोटा भाजल्यासारखा, टरटरून फोड, पाणी गळतंय. काकी रडली. शेजारीण म्हणाली, खोबरेल चोपडा, जितक्या लवकर चोपडाल तितकं बरं. मग रोज खोबरेल. ते खोबरेल माझ्याच ट्रंकेतलं होतं — आईने गावाहून पाठवलेली बाटली. तो डाग अजून आहे. आत्ता लिहिताना खाली बघितलं तरी दिसतो.

तेव्हा मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर साचे सुरू झाले, आणि वसंता माझ्या गल्लीतून गेला. जाता जाता माझ्या कांड्यांच्या डब्यात त्याने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. मी फडकं सोडलं. धोटा होता. सुखदेवचाच — त्याच्या चारांपैकी एक, सुट्टीत उचललेला. कांडी बसवून तयार. आणि डोळ्याच्या काठाला काळं, ओलसर, चकाकतं.

वर बघितलं. वसंता आपल्या साच्यावर पोचला होता, चार साच्यांपलीकडे. त्याचे ओठ हलले. एकच शब्द. "देजो."

शेजारच्याची कांडी संपत आली आणि तो दुसऱ्या साच्यात गुंतलेला असला, तर आपण कांडी बसवून धोटा त्याच्या हातात द्यायचा, अशी आमच्यात पद्धत होती. सूत ज्याने त्याने ओढायचं. वसंताला हे माहीत होतं की सुखदेव खात्यात दुसऱ्या कुणाच्या हातचा धोटा बघितल्याशिवाय घेत नाही. माझ्या हातचा घेई.

मी टाकून देऊ शकलो असतो. पायाखाली, साच्याखाली, कुठेही. "पडला" म्हणू शकलो असतो. ओठ हलवून एक शब्द सुखदेवला सांगू शकलो असतो — त्या खात्यात तेवढंच पुरे होतं, आवाजही काढावा लागला नसता. सुखदेवचा साचा थांबला. तो दुसऱ्या साच्यावर तुटलेलं सूत जोडत होता. दुसरा धोटा शोधायला त्याने इकडे तिकडे बघितलं, आणि मग न वळता, सवयीने, मागे हात केला. पंजा उघडा.

मी त्या पंज्यात धोटा ठेवला.

आजवर मनातल्या मनात सांगतानाही मी म्हणत आलो — "मी गप्प राहिलो." "मी बघत राहिलो." नाही. मी दिला. हाताने दिला. फडकं आधी काढून घेतलं, आणि माझी बोटं काळ्याला लागणार नाहीत असा धरून दिला.

त्याने ओठ लावले. श्वास ओढला. सूत बाहेर आलं. साचा सुरू झाला.

थोड्या वेळाने तो माझ्याकडे वळला, तोंड वाकडं करून. "आज सूत कडू लागून राह्यलं," ओठांनी म्हणाला. जीभ ओठांवरून फिरवली. मग थुंकला. मग चेहरा माझ्याजवळ आणला, खालचा ओठ पुढे काढला, लहान पोर दाखवतं तसा. "पाय बरं, काई लागलं काय?"

मी बघितलं. खालच्या ओठावर काळी रेघ होती. केसाएवढी. जिभेने पसरत आत गेलेली.

मी म्हणालो, "काही नाही."

त्याने मान हलवली आणि कामाला लागला. पुढल्या प्रत्येक कांडीला तोच ओठ, तोच डोळा. वसंता आपल्या साच्यावर शांतपणे काम करत होता. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही. पोरं एकमेकांकडे बघत नव्हती. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सबंध खातं वाट बघत होतं, आणि साचे धडधडत होते, आणि काहीच होत नव्हतं. सुखदेव मधूनच ओठ चावायचा, पुसायचा, पुन्हा कामाला लागायचा. पाळी सुटली. फाटकापाशी त्याने नेहमीसारखा हात वर केला. "येतो गड्या." ओठ जरा लाल दिसत होते. इतकंच.

मी घरी आलो. जेवलो. काकीने अंबाडीची भाजी केली होती. ट्रंक माझ्या उशाशी होती, ट्रंकेत बाटली. त्यांची वस्ती रुळापलीकडे, चालत गेलं तर कितीशी लांब? संध्याकाळ होती, उजेड होता. कुणाला काही सांगायचीही गरज नव्हती. "हे ओठाला लाव, विचारू नको," एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. मी ट्रंकेवर डोकं टेकून पडलो. झोप लागली की नाही, ते सांगत नाही. लागली असेल तर ते आणखी वाईट.

दुसऱ्या दिवशी त्याचा साचा बंद होता.

त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने फाटकापाशी येऊन सांगितलं, तोंड सुजून डोळे मिटलेत, ओठ कुठला आणि जीभ कुठली कळत नाही, पाणी जात नाही, श्वास अडकतो. त्याला वर्ध्याला हॉस्पिटलात नेलं होतं. चार-सहा दिवस जगतो की नाही, असं चाललं होतं. त्या दिवसांत खात्यात फार काम झालं. सगळ्यांनी माना खाली घालून काम केलं.

साहेबाने चौकशी लावली. डॉक्टरने बिब्बा असल्याचं कळवलं होतं. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी तात्यांनी मला बाहेर ओट्यावर बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, आणि त्यांना धोट्याचं कितपत ठाऊक होतं, हे मी कधी विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "लोक म्हणतात त्याचा दात दुखत होता. दातात बिब्बा धरतात इकडे. तू शेजारी असतोस. तुला ठाऊक असेल." आणि आत गेले. आतून काकीने हाक मारली, "ये रे, भात निवतोय."

साहेबाने विचारलं, "त्याचा दात दुखत होता?"

मी म्हणालो, "हो."

"तू ऐकलंस?"

"हो साहेब. तोच म्हणाला."

संपलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, पण शेजारचा मी होतो, त्यामुळे माझंच धरलं गेलं. आपल्याच गावठी औषधाने करून घेतलं, असं ठरलं. बाहेर आलो तर वसंताने पाठीवर थाप मारली. "शाबास कोकण्या." आणि मला — लिहायला जड जातंय — मला बरं वाटलं. ऊब वाटली. आता कुणी मला काढणार नाही, असं वाटलं.

त्याच महिन्यात तात्यांनी मला कायम केलं. सुखदेवचे दोन साचे मला जोडून दिले. काकी नवस बोलली होती म्हणून आम्ही तिघं केळझरच्या गणपतीला गेलो. मी नारळ फोडला. खोबरं वाटलं. खाल्लं. गोड लागलं.

सुखदेव उन्हाळ्याच्या तोंडाला परत आला. खालचा ओठ आक्रसून एका बाजूला ओढला गेला होता, वरच्यावर पांढरा चट्टा. ओठ मिटत नव्हते, त्यामुळे सूत ओढता येणार नाही, असं सांगून त्याला कचराखात्यात घातलं. वसंताची तार कुठे होती कुणास ठाऊक — सुखदेवने ती आता मागितलीही असती, तरी साचा मिळाला नसता. बोलणं बोबडं झालं होतं. आणि ओठांवरून तर काहीच वाचता येत नसे. साचेखात्यातून तो गठ्ठा घेऊन जाताना कुणाला काही म्हणाला, तर समोरचा नुसता बघत राही.

चौकशीत साहेबाला धोट्याचाही संशय होता, म्हणून त्यालाही विचारलं होतं — लिहून दे म्हणून, धोटा कुणी दिला? त्याने लिहिलं, आठवत नाही. हे मला तात्यांकडून कळलं. तेव्हापासून मी त्याला चुकवत होतो. वाटायचं, ठाऊक आहे त्याला. साठवून ठेवलंय. एक दिवस सगळ्यांसमोर बोलेल. त्याची कचऱ्याची गाडी गल्लीत आली की मी साच्याखाली वाकून सूत जोडत बसायचो.

एका संध्याकाळी त्याने मला फाटकाबाहेर गाठलं. लिंबाच्या झाडामागून पुढे आला. आजूबाजूला कुणी नाही ना, हे आधी बघितलं — माझ्यासाठी बघितलं, स्वतःसाठी नव्हे. मग माझा दंड धरला. मला वाटलं, आता मारणार. मारावं, असंही वाटलं.

तो सावकाश बोलला. एकेक शब्द जुळवत, ओढलेल्या ओठाने.

"त्यानं तुह्या डब्यात ठेवला असन तो धोटा. तुले काय ठाव? म्हणून मी तुह्यं नाव नाई लिवलं. लिवलं असतं तर तुह्यी नोकरी गेली असती." थांबला, लाळ पुसली. "पण सांभाळजो गड्या. तू माह्या बाजूनं होता, हे त्यायले माहीत हाये. एक दिवस तुह्या धोट्यालेही लावतीन. पाहून तोंड लावत जाजो."

मी म्हणालो, "हो."

दंड सोडला, आणि तो रुळाकडे गेला. पुढच्या वर्षी त्याने गिरणी सोडली. पुलगावच्या बाजूला कुठे मजुरीला लागल्याचं ऐकलं. मी शोधलं नाही. मी त्या चार साच्यांवर निवृत्त होईपर्यंत काम केलं, आणि त्या संध्याकाळनंतर प्रत्येक धोटा उजेडात धरून, बघून तोंड लावलं.

खोबरेलाची बाटली अजून अर्धी भरलेली होती. सुखदेव हॉस्पिटलात होता त्या थंडीत तेल गोठून पांढरं झालं होतं. मी ती ओट्यावर उन्हात ठेवून पातळ केली, आणि रोज थोडं थोडं करून माझ्या हातापायांना लावून संपवली.